ओलं कापड कुठे वाळवणार?

आई त्या पलंगावर चढली आणि आडवी झाली. मिशिगनमधल्या एका डीलरचं आवार, मे महिन्यातली थंड दुपार आणि एका ट्रेलरच्या पोटातून बाहेर काढलेला कापडी तंबू. पलंग तिच्या कमरेच्या वर होता, म्हणून चढताना तिने बाबांच्या खांद्याचा आधार घेतला. ती आतल्या बाजूला, कापडाला लागून झोपली. बाबा तिच्या शेजारी, उतरायच्या बाजूला. विक्रेता म्हणाला, क्वीन साइझ आहे, साठ इंच बाय ऐंशी इंच. मी आईला मराठीत सांगितलं. वरच्या कापडाकडे बघत ती म्हणाली, “पलंग ऐसपैस आहे गं. पण मी रात्री तीनदा उठते. तेव्हा ह्यांच्या अंगावरून जायचं का?”

त्या ट्रेलरच्या माहितीपत्रकावर ‘आठ जणांची झोपायची सोय’ असं छापलेलं होतं. फेब्रुवारीपासून आम्ही असली पंधरा-वीस माहितीपत्रकं जमवली होती. लांबी, वजन, पलंग, किंमत असे रकाने आखून माझ्या नवऱ्याने तक्ता केला होता. आईचा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच बसत नव्हता. त्या दिवसापासून आमची खरेदी जरा शहाणपणाने सुरू झाली, असं मी मानते.

आम्ही बघत होतो तो हायब्रीड प्रकारचा ट्रेलर अनेकांनी पाहिला नसेल, म्हणून आधी तो कसा असतो ते सांगते. गाडीच्या मागे जोडून ओढायची चाकांवरची खोली म्हणजे साधा ट्रेव्हल ट्रेलर. त्याच्या भिंती, छप्पर, सगळं टणक. दुसरा प्रकार पॉप-अप. तो रस्त्यावर असताना छातीइतक्या उंचीची बंद पेटी असतो. मुक्कामी पोचलं की छप्पर वर उचलायचं, दोन्हीकडून पलंग ओढायचे, आणि मधल्या सगळ्या भिंती कापडाच्या. हायब्रीड या दोघांच्या मधला. त्याचा मधला भाग टणक असतो आणि त्यात ओटा, शेगडी, फ्रिज, जेवायचं टेबल, संडास-न्हाणी असं सगळं येतं. पुढच्या आणि मागच्या भिंतीत एकेक मोठी झडप असते. ती खाली पाडली की तोच पलंगाचा तळ होतो आणि त्यावर तंबू ताणला जातो. काही मॉडेलांना बाजूलाही तिसरा तंबू असतो. बंद असताना अठरा-वीस फुटांचा ट्रेलर उघडला की पंचवीस फुटांवर जातो. आमच्या साताऱ्याकडच्या जुन्या घराला पुढे ओसरी आणि मागे पडवी होती. उन्हाळ्यात पोरं ओसरीवर निजायची, म्हातारी माणसं माजघरात. हायब्रीड पहिल्यांदा उघडलेला पाहिला तेव्हा मला ते घर आठवलं.

आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हीला राहतो. मोटार उद्योगामुळे या भागात मराठी माणसं बरीच. माझा नवराही त्याच उद्योगात, इंजिनिअर. घरात आम्ही दोघं, दोन मुलं. उन्हाळ्यात आई-बाबा आले की सहा. मुलं लहान होती तेव्हा तंबू घेऊन जायचो. त्यात बाबांची पाठ धरली आणि जमिनीवरून उठताना आईचे गुडघे बोलायला लागले. हॉटेल घ्यावं तर दोन खोल्या लागतात, आणि तिसऱ्या दिवशी आईला स्वतःच्या हातच्या आमटी-भाताची भूक लागते. तिच्या मागण्या दोनच होत्या, स्वतःचा संडास आणि स्वतःचा गॅस. मुलांना मात्र तंबू हवाच होता, कारण त्यांच्या लेखी कापडात झोपल्याशिवाय कॅम्पिंग होत नाही. हायब्रीड या सगळ्यांना एका छपराखाली आणतो, म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो.

आमच्या गावातच दर हिवाळ्यात मिशिगनच्या कॅम्पर, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या, विक्रेत्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. बाहेर बर्फ आणि आत शेकडो ट्रेलर, दिव्यांखाली चकचकीत. तिथे बघायला जरूर जावं, पण सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्दीत सगळे जण आत शिरून ओट्याचा रंग बघतात. झडप बंद असताना संडासापर्यंत जाता येतं का, हे कुणी बघत नाही. आम्ही ते नंतर प्रत्येक ठिकाणी करून पाहिलं. विक्रेत्याला दोन्ही तंबू मिटायला सांगायचं आणि मग आत जायचं. काही मॉडेलांत तंबू मिटला की गाद्या आत सरकतात, मधली वाट बुजते आणि फ्रिजचं दार अर्धंच उघडतं. भर रस्त्यात थांबून पोराला लघवीला न्यायचं झालं तर तोच ट्रेलर निरुपयोगी ठरतो.

आई-बाबा एप्रिलअखेर आले आणि आम्ही इंडियानातल्या एल्कहार्टला गेलो. नोव्हीपासून तीन तासांचा रस्ता. अमेरिकेत बनणारे बहुसंख्य कॅम्पर एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांतून येतात, म्हणून या गावाला त्या धंद्याची राजधानी म्हणतात. तिथल्या संग्रहालयात १९१३ सालचा अर्ल ट्रेलर उभा आहे, टणक भिंतींच्या प्रवासी ट्रेलरांपैकी सर्वांत जुन्यांत गणला जाणारा. जवळच १९१५ची फोर्ड मॉडेल टी आहे. तिच्या मागे १९१६ सालचं खेचून बाहेर काढायचं घर बसवलेलं आहे, ड्रॉवरसारखं. बाबा त्या गाडीपाशी अर्धा तास रेंगाळले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, त्यामुळे लोखंड कुठे सरकतं आणि कुठे अडकतं हे त्यांना हाताने कळतं. ते म्हणाले, “म्हणजे शंभर वर्षं हे लोक एकाच गोष्टीशी झगडतायत. रस्त्यावर छोटं पाहिजे आणि मुक्कामाला मोठं.”

एल्कहार्टहून मिडलबरी अगदी जवळ. तिथे १९६८ मध्ये लॉइड बॉन्ट्रेगर यांनी स्वतःच्या शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जागेत पॉप-अप बांधायला सुरुवात केली आणि त्यातून जेको ही कंपनी उभी राहिली. या भागातल्या कारखान्यांत आमिश समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने काम करतात. पहाटे कामाला लागायचं आणि दुपारी मोकळं व्हायचं, अशी तिथली पद्धत. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेने घोड्याच्या बग्ग्या चालल्या होत्या. बग्गीतून जाणाऱ्या माणसांच्या हातचं सुतारकाम मोटारीमागून देशभर फिरतं, हे मला फार विलक्षण वाटलं.

या सहलीने आमच्या तक्त्यातला निम्मा भाग निकाली काढला. आम्ही जेको, स्टारक्राफ्ट, केझेड, रॉकवुड, फ्लॅगस्टाफ असे ब्रँडनुसार रकाने केले होते. प्रत्यक्षात जेको २०१६ पासून थॉर इंडस्ट्रीजच्या मालकीची आहे. केझेडही थॉरची, आणि स्टारक्राफ्ट त्याआधीपासून जेकोच्या घरातली. रॉकवुडचा ‘रू’ आणि फ्लॅगस्टाफचा ‘शॅमरॉक’ हे हायब्रीडमधले सर्वांत नावाजलेले दोन, आणि दोन्ही फॉरेस्ट रिव्हरचे. ही कंपनी २००५ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने विकत घेतली. रू आणि शॅमरॉक ही जुळी भावंडं आहेत. सारखाच नकाशा, सारख्याच नंबरांची मॉडेलं, रंगपट्टे तेवढे वेगळे. त्यांची तुलना करण्यात आम्ही तीन रविवार घालवले होते. आत बसवलेला फ्रिज, भट्टी, पाण्याचा हीटर, खालचा सांगाडा, हे सगळं बहुतेक कंपन्या त्याच चार-पाच पुरवठादारांकडून घेतात. मग फरक उरतो कुठे? भिंतीच्या पोटात आणि हमीत. रॉकवुड-फ्लॅगस्टाफच्या भिंतींत पातळ प्लायवूडऐवजी अ‍ॅझडेल नावाचा न कुजणारा थर वापरतात. जेको दोन वर्षांची हमी देते, बाकीच्या बहुतेक कंपन्या एका वर्षाची. याच्या पलीकडे मी ब्रँडवर वेळ घालवणार नाही. डीलर किती लांब आहे आणि दुरुस्तीला किती आठवडे लावतो, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

आता वजनाविषयी. इथे घाई करून चालत नाही.

आमची गाडी तीन रांगांची, मध्यम आकाराची. पुस्तिकेत ओढण्याची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२७० किलो. बघितलेल्या हायब्रीडांचं कोरडं वजन ३,७०० ते ५,००० पौंडांच्या दरम्यान. विक्रेते सांगायचे, तुमची गाडी आरामात ओढेल. पण कोरडं वजन म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, गाद्यांवरच्या गोधड्या नाहीत, आणि बरेचदा बॅटरी व गॅसही धरलेला नसतो. पाणी गॅलनला ८.३४ पौंड भरतं. तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे पौंड तिथेच वाढले. म्हणून ३,७०० पौंडांचा ट्रेलर सुट्टीला निघताना ४,५०० पौंडांचा होतो असं आम्ही धरलं.

तरीही तो पाच हजारांच्या आतच होता. मग नवऱ्याने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं लेबल दाखवलं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून गाडीत इतक्याच वजनाची मुभा आहे. आमच्या गाडीचा आकडा होता १,३५० पौंड. ट्रेलरच्या जोडाचं टोक गाडीच्या मागच्या बाजूला दाबतं, तो भारही याच मुभेतून जातो. त्याला टंग वेट म्हणतात. तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. कमी असेल तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो, आणि ते जीवघेणं असतं.

हिशेब आम्ही जेवणाच्या टेबलावर, वहीच्या कागदावर केला. नवरा १६५, मी १३०, बाबा १६०, आई १२५, थोरला ७५, धाकटी ५५. बेरीज ७१०. ट्रेलर ४,५०० पौंडांचा, त्याचे १२ टक्के म्हणजे ५४०. भार गाडी आणि ट्रेलरवर वाटून देणारं जोडणीचं जड अवजार, म्हणजे हिच, ९०. एकूण १,३४०. उरले दहा पौंड. भारतीय दुकानातली बासमतीची एक पिशवी दहा पौंडांची असते. म्हणजे सगळे जण हातात काही न घेता बसले तर तांदूळ तेवढे नेता आले असते.

ओढायची क्षमता पाच हजार असूनही गाडी भरली होती. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने कॅम्पर बघायला जाण्याआधी आपल्या दाराची चौकट बघावी, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. आपल्या गाड्या आजी-आजोबांसकट भरलेल्या असतात. दोघंच फिरणाऱ्या जोडप्याला जो ट्रेलर झेपतो, तो त्याच गाडीला सहा माणसांसकट झेपत नाही.

मोठी गाडी घ्यायची आमची तयारी नव्हती. उपाय आईने काढला. “दोन गाड्या आहेत ना दारात? मग दोन न्या.” ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत नवरा, बाबा आणि थोरला असे ४०० पौंड, जोडाचे ५४०, हिचचे ९०, एकूण १,०३०. शिल्लक ३२० पौंड. आई, धाकटी आणि शिधा माझ्या गाडीत, मागून. पेट्रोल जास्त जातं, पण आकडा बसतो.

नव्या हायब्रीडची किंमत साधारण पंचवीस ते चाळीस हजार डॉलरच्या पट्ट्यात होती, म्हणून आम्ही जुन्याकडे वळलो. करोनाच्या काळात अमेरिकेत कॅम्परांची लाट आली होती. २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाख २४० कॅम्पर बाहेर पडले, हा विक्रम आहे. २०२३ मध्ये तो आकडा ३ लाख १३ हजारांवर उतरला. हौसेने घेतलेले अनेक ट्रेलर आता विक्रीला उभे दिसतात. हायब्रीड मात्र त्यात थोडे, कारण हलक्या वजनाचे आणि दुमजली पलंगांचे पूर्ण टणक ट्रेलर आल्यापासून गिऱ्हाईक तिकडे गेलं. जेकोच्या जे फेदरमधली एक्स१७झेड, एक्स२३बी ही मॉडेलं आम्हाला जुन्या बाजारात वारंवार भेटली, आणि रू-शॅमरॉकही.

एका डीलरकडचा ट्रेलर पहिल्या नजरेत भरला. स्वच्छ, किंमत वाजवी, आत सुगंधी फवारा मारलेला. बाबा तिथेच सावध झाले. “वास मारायला वास लावलाय.” ते गुडघ्यावर बसले आणि मागच्या झडपेच्या खाली, कोपऱ्यातल्या जमिनीवर त्यांनी अंगठा दाबला. वरचं लिनोलियम आत गेलं आणि तसंच खाली राहिलं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. मग ते बाहेर आले आणि भिंतीवरून तळहात फिरवत गेले. झडपेच्या बिजागरीपासून हातभर अंतरावर भिंतीला फुगा होता, डोळ्यांना न दिसणारा पण हाताला लागणारा. पाणी आत शिरून भिंतीचे थर सुटले की असं होतं, आणि त्याची दुरुस्ती बहुधा ट्रेलरच्या किमतीला परवडत नाही. हायब्रीडला साध्या ट्रेलरपेक्षा दोन-तीन मोठी भोकं जास्त, आणि प्रत्येक भोकाची कड रबराच्या पट्टीवर अवलंबून. ही रबरं काही वर्षांत कडक होतात. ती चिमटीत धरून बघायची, आणि झडपेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतली जमीन दाबून बघायची. छपरावरच्या सांध्यांचा लेप तडकलाय का, ते शिडी लावून बघायचं. शिडी द्यायला विक्रेता कां-कूं करत असेल तर पुढे जायचं.

नंतर बाबा टायरकडे वळले आणि एकदम खुलले. “अगं, ह्याच्यावर एसटी लिहिलंय!” खरंच होतं. ट्रेलरच्या खास टायरवर आकाराच्या आधी ‘एसटी’ ही अक्षरं असतात, स्पेशल ट्रेलरची. त्यांनी टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचायला लावले. १११४. म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसत होती, पण रबर दहा वर्षांचं. ट्रेलर वर्षातले दहा महिने उभाच असतो, त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांनी ते बदलायचेच, नक्षी कशीही असो. आम्ही तिथून निघालो. विक्रेत्याने गाडीपर्यंत येऊन हजार डॉलर कमी केले. बाबांनी नमस्कार केला आणि दार लावून घेतलं.

जूनमध्ये आम्ही एक हायब्रीड दोन रात्रींसाठी भाड्याने घेतला आणि लडिंग्टनला गेलो. मिशिगन सरोवर आणि हॅमलिन सरोवर यांच्यामधल्या वाळूवर हे सरकारी उद्यान आहे. पलीकडे बिग सेबल पॉइंटचं १८६७ सालचं दीपगृह, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. आई-बाबांना आतल्या टेबलाचा पलंग करून दिला. तो गुडघ्याइतका उंच आणि संडास चार पावलांवर. आम्ही दोघं पुढच्या तंबूत, मुलं मागच्या. पहिली रात्र अशी गेली की मी विकतच घ्यायचं ठरवून टाकलं. तीन बाजूंनी जाळी, लाटांचा आवाज, वर पाइनची झाडं. सकाळी आईचा चहा उकळत होता आणि मुलं जाळीतून खारी बघत होती.

दुसऱ्या रात्री दोन वाजता पाऊस आला. आत पाणी आलं नाही, हे आधी सांगते. पण आमच्या श्वासांची वाफ थंड कापडावर धरली आणि पहाटे थेंब पडायला लागले. जिथे पोराचा पाय कापडाला टेकला होता तिथली गोधडी भिजली. सकाळी पाऊस थांबला नव्हता आणि दुपारपर्यंत जागा सोडायची होती. ओलं कापड गाद्यांवर घडी करून झडपा लावल्या, आणि घरी आलो. आमच्या वसाहतीच्या नियमाप्रमाणे दारात ट्रेलर दोनच दिवस उभा करता येतो, आणि तंबू उघडायचा तर पंचवीस फूट जागा लागते. रविवारी संध्याकाळी पुन्हा सरी. सोमवारी बाबांनी झडप पाडली तेव्हा आत तो वास होता, जो कोकणात आणि घाटावर श्रावणात कपड्यांना येतो. आईने लांबूनच ओळखला. “कुबट झालंय.” बाबांनी जुने पंचे घेऊन एकेक पट्टी पुसली, आत दोन पंखे लावले. तरी कापडाची एक घडी नजरेतून सुटली आणि बुधवारी तिथे काळे ठिपके उमटले. ते आमच्या अनामत रकमेतून वजा झाले, आणि ते योग्यच होतं.

हायब्रीड, पॉप-अप आणि टणक ट्रेलर यांतली निवड करताना हा प्रश्न सगळ्यांत वर लिहावा. पाऊस पडून गेला आणि घरी परत आलात, तर दुसऱ्या दिवसाच्या आत ते कापड उघडून वाळवायला तुमच्याकडे जागा आहे का? अपार्टमेंटमध्ये राहत असाल, किंवा ट्रेलर तासभर दूरच्या गोदामात ठेवणार असाल, तर हायब्रीड घेऊ नका. पूर्ण टणक घ्या, भले तो लांब आणि जड असो. ज्याच्या दारात लांब वाट आहे, किंवा मागे अंगण आहे आणि कापड वाळवायची चिकाटी आहे, त्याने घ्यावा.

कापडाची आणखी एक मर्यादा आहे आणि ती लांबच्या प्रवासात कळते. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर फक्त टणक भिंतींच्या वाहनांना जागा मिळते, कारण तो ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. कॅनडात बॅन्फच्या लेक लुईसलाही टणक आणि कापडी अशी दोन वेगळी कॅम्पग्राउंडं आहेत, आणि कापडीभोवती विजेचं कुंपण आहे. तिथे हायब्रीडची गणना कापडीत होते. ज्यांना पश्चिमेकडची ती उद्यानं पाहायची आहेत त्यांनी आरक्षणाचे नियम आधी वाचावेत. आमचा बेत मिशिगनच्या तळ्यांकाठचा, म्हणून आम्हाला ते अडलं नाही.

जुलैत आम्ही घेतला तो २०१६ सालचा, दोन तंबूंचा. पहिल्या मालकाकडे गुरांच्या गोठ्यासारखी मोठी शेड होती आणि आठ वर्षं ट्रेलर तिच्यात राहिला होता. कापडाला वास नव्हता, चारही कोपऱ्यांतली जमीन टणक होती. त्या शेडसाठीच आम्ही त्याने सांगितलेली किंमत फारशी घासाघीस न करता दिली. टायर नवे घातले, बेअरिंगांना बाबांनी स्वतः ग्रीस भरलं. सामानासकट निघताना हमरस्त्यावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर नेला. ४,४६० पौंड. काट्यावरचा कागद बाबांनी घडी करून पाकिटात ठेवला, साताऱ्याला दाखवायला.

त्या उन्हाळ्यात आम्ही चौदा रात्री त्यात काढल्या, यंदा आजवर अकरा. पाच वेळा पाऊस लागला. घरी आल्यावर झडपा पाडायच्या, पंखे लावायचे, हा आता मुलांचा ठरलेला उद्योग आहे. आई आत, टेबलाच्या पलंगावर झोपते. तंबूतल्या क्वीन पलंगावर तिने एकदाही पाठ टेकली नाही आणि तिला त्याची गरजही वाटली नाही.

आमचा ट्रेलर मेपासून ऑक्टोबरपर्यंत नोव्हीत आमच्या मागच्या अंगणात असतो. डेट्रॉइटच्या आसपास राहणारं कुणी असा कॅम्पर घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे देण्याआधी घरातल्या सगळ्यांना घेऊन या. आम्ही दोन्ही तंबू उघडून ठेवू. चपला काढा, प्रत्येकाने आपापल्या जागी पंधरा मिनिटं खरंच झोपून बघा. आणि येताना आपल्या गाडीच्या दारावरचा तो आकडा लिहून आणा.